हायड्रोजन, तूप आणि शेलारसाहेब

आमच्या इमारतीच्या जिन्यात एका सकाळी पाटी लागली. "तिसऱ्या मजल्यावरील लॅबमध्ये हायड्रोजन वायू आणणार असल्याचे समजते. ज्यांना जिवाची काळजी आहे त्यांनी रविवारी सभेस यावे. ज्यांना नाही त्यांनी निदान आपल्या गाड्या फाटकासमोरून हलवाव्यात." खाली सही, सेक्रेटरी आपटे.

ही पाटी माझ्यामुळे लागली होती. हायड्रोजन आणायची कल्पना माझी.

स्वारगेटजवळच्या त्या इमारतीत आमची खाद्यपदार्थ तपासणारी खासगी लॅब. मी तिथे अठ्ठावीस वर्षं काढली आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. माझं काम नातेवाइकांना कधी नीट कळलं नाही. "सुनंदा लॅबमध्ये असते" एवढं ऐकून लग्नकार्यात लोक मला आपली रक्तातली साखर सांगायचे. मी ऐकून घ्यायची. तेलातली, तुपातली, मसाल्यातली भेसळ मी ओळखते, रक्तातली नाही, हे पंगतीत कुणाकुणाला समजावणार?

ते ज्या मशीनवर ओळखायचं त्याचं नाव गॅस क्रोमॅटोग्राफ. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. केसासारखी बारीक आणि तीस मीटर लांब नळी गुंडाळून एका छोट्या ओव्हनमध्ये टांगलेली असते. तिच्या एका तोंडाशी नमुन्याचा थेंबभर भाग सोडायचा. तो तापून वाफ होतो आणि एक वायू त्या वाफेला ढकलत नळीतून पुढे नेतो. पर्वतीच्या पायथ्याशी दहा माणसं एकदम निघाली तरी वर एकदम पोचत नाहीत. कुणी भराभर चढतं, कुणी पायरीपायरीवर टेकतं. तसंच त्या वाफेतले घटक नळीतून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. प्रत्येक घटक आला की कागदावर एक शिखर उमटतं. कोणतं शिखर कधी आलं आणि केवढं उंच आलं, यावरून आत काय होतं ते कळतं.

ढकलणारा वायू म्हणून आम्ही हेलियम वापरायचो. हेलियम सोवळ्यातला, कशालाही शिवत नाही, पेटत नाही, कुणाशी भांडत नाही. एकच दोष, तो आपल्याकडे पिकत नाही, बाहेरून येतो. तीन-चार वर्षांपूर्वी तो यायचा थांबला. पुरवठादार आधी 'पुढच्या आठवड्यात' म्हणायचा, मग 'बघतो' म्हणायला लागला, मग फोन उचलेना. आमच्याकडे एक सिलिंडर उरलं होतं आणि त्याचा काटा रोज खाली सरकत होता. तीन मशीनं बंद पडली असती तर निम्मी लॅब बंद पडली असती.

हायड्रोजन हे काम हेलियमपेक्षा चांगलं करतो. वेळ जवळजवळ निम्मा लागतो. पण तो पेटतो. हवेत शंभरात चार भाग झाला की एक ठिणगी पुरते. नळी ओव्हनमध्येच तुटली किंवा निसटली, तर बंद ओव्हनमध्ये वायू साठत जाणार आणि आत तापलेली तार आहेच. हे सगळं मी आमच्या संचालकांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "शेलारसाहेब हो म्हणाले तर आणा." आणि ते खाली मान घालून पुन्हा कामाला लागले.

शेलारसाहेब आमचे सुरक्षा अधिकारी. अग्निशमन दलात उभं आयुष्य घालवून निवृत्त झालेले, उंच, बोलायला कमी. डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याची जुनी खूण. लॅबमध्ये कुणी दाराशी खोकं जरी ठेवलं तरी ते स्वतः उचलून त्या माणसाच्या टेबलावर नेऊन ठेवत.

"हायड्रोजन," ते म्हणाले. "लॅबमध्ये."

"तो इथे आधीपासून आहे, साहेब. मशीनच्या टोकाला घटक ओळखणारी ज्योत असते, ती हायड्रोजनवरच जळते. वीस वर्षं जळतेय."

"दाखवा."

मी त्यांना मशीनपाशी नेलं. हायड्रोजनची ज्योत डोळ्यांना दिसत नाही. पेटली आहे का ते बघायला आम्ही चकचकीत पाना तिच्या तोंडावर धरतो. मी धरला. पान्यावर वाफेचा धुरकट ठिपका उमटला.

"म्हणजे जळतंय ते दिसतसुद्धा नाही," शेलारसाहेब म्हणाले.

"नाही."

"आणि हे आपण मला पटावं म्हणून सांगताय."

त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि हाताची खूण कशी झाली ते सांगितलं. एका जत्रेत फुगेवाल्याकडे हायड्रोजन भरलेले फुगे होते. शेजारी कुणीतरी विडी पेटवली. फुग्यांचा घोस एका क्षणात पेटला आणि त्याच्याखाली एक बाई मूल कडेवर घेऊन उभी होती. ते मूल वाचलं. बाईचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. उठताना ते एवढंच म्हणाले, "वायू वाईट नाही, मॅडम. तो काय करणार हे सगळ्यांना माहीत असतं. माणूस काय करणार ते माहीत नसतं. मी अटी घालीन. सगळ्या पाळल्या तर सही करीन."

त्यांच्या अटी ऐकताना मला पुन्हा शाळेत बसल्यासारखं झालं. सिलिंडर नको, पाण्यापासून लागेल तेवढाच हायड्रोजन तयार करणारं यंत्र आणायचं. सिलिंडरमध्ये हजारो लिटर वायू कोंडलेला असतो, या यंत्राच्या पोटात एका वेळी तांब्याभरसुद्धा नसतो. जुन्या प्लॅस्टिकच्या नळ्या काढून सगळीकडे नवी स्टीलची नळी. मशीनमधून जादा वायू जिथून बाहेर पडतो ती तोंडं जोडून थेट गच्चीवर. प्रत्येक जोड गळती शोधणाऱ्या उपकरणाने तपासायचा. आणि नळी बदलली की एक तक्ता भरायचा, एकेक काम झालं की त्याच्यापुढे खूण करायची. इथपर्यंत मी माना डोलावल्या. शेवटची अट अशी की प्रत्येक ओव्हनच्या आत हायड्रोजन हुंगणारा सेन्सर हवा. शंभरात एक भाग झाला की त्याने वायू तोडायचा, ओव्हन बंद करायचा आणि भोंगा वाजवायचा.

"साहेब, मी पंचवीस वर्षं या नळ्या जोडतेय," मी म्हणाले. "माझ्या हातून अजून एकही गळती झालेली नाही."

"सेन्सर त्या दिवसांसाठी नाही, मॅडम. ज्या दिवशी आपण दमलेल्या असाल त्या दिवसासाठी आहे."

मला राग आला. तरीही सेन्सर मागवले. भोंगा मात्र मी स्वतः बुधवार पेठेत जाऊन आणला. दुकानदाराने तीन आवाज ऐकवले आणि विचारलं, "कशासाठी हवाय?" मी म्हणाले, "ऑफिसात." तो म्हणाला, "मग हा तिसरा घ्या, झोपलेला माणूस उठतो." तोच घेतला.

रविवारच्या सभेला आपटे अग्रभागी होते. खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आणि शिवणकामाचा क्लास, तेही सगळे आले. शेलारसाहेबांनी यंत्रात किती वायू असतो ते सांगितलं. "एका फुग्यापेक्षा कमी," ते म्हणाले.

"मग फुगाच का आणत नाही?" आपटे म्हणाले.

"कारण फुगा किती गळतोय ते सांगत नाही," शेलारसाहेब म्हणाले. "हे यंत्र सांगतं. आणि जास्त गळलं तर स्वतःच थांबतं. अशी सोय आपल्या घरच्या शेगडीला आहे का?"

 आपट्यांनी दुसऱ्या दिवशी पाटी काढली. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

पंधरा दिवस मी आणि प्राजक्ता वानखडे जुन्या नमुन्यांवर चाचण्या घेत बसलो. प्राजक्ता अकोल्याची, आठ वर्षं आमच्याकडे असलेली, लॅबमधली सगळ्यात चोख केमिस्ट. हेलियमवर आलेली शिखरं आणि हायड्रोजनवर आलेली शिखरं आम्ही जुळवून पाहिली. सगळी जुळली, आणि निम्म्या वेळात. शेलारसाहेबांनी सही केली. त्याच आठवड्यात हेलियमचा काटा शून्यावर आला.

आणि त्याच आठवड्यात खळदकर आले.

दिनकरराव खळदकर, नारायण पेठेत तुपाचं दुकान, तीन पिढ्यांचं. वय सत्तरच्या पुढे, पांढरा सदरा, हातातल्या कापडी पिशवीत तुपाचे तीन डबे. गणपती आठ दिवसांवर आले होते. एका मोठ्या मिठाईवाल्याने त्यांच्या तुपाची साधी चाचणी कुठूनतरी करून घेतली होती आणि निकाल आला होता 'शंकास्पद'. कुणीतरी त्याचा व्हिडिओ करून मोबाइलवर फिरवला. मोदकांसाठी ठरलेले सगळे डबे मिठाईवाल्याने परत पाठवले. नेहमीची गिऱ्हाइकं दुकानासमोरून मान वळवून जात होती.

"तूप शुद्ध आहे का ते बघायचंय ना?" मी विचारलं.

"तूप शुद्ध आहे," खळदकर म्हणाले. "ते मला माहीत आहे. तुमचं मशीन बरोबर आहे का, ते बघायचंय."

त्यांचा आवाज ताठ होता. दोन डबे टेबलावर ठेवले, पण शेवटचा डबा त्यांनी सोडलाच नाही, मी हळूच काढून घेतला.

आम्ही आधी साध्या चाचण्या केल्या. आकडे खरंच बिघडलेले होते. वनस्पती तूप मिसळलं की जसे येतात, अगदी तसे. मला वाईट वाटलं. माणूस खोटं बोलतोय असं वाटत नव्हतं, पण अशी माणसं मी पूर्वीही पाहिली होती.

प्राजक्ताने आकडे पाहिले आणि म्हणाली, "काऊन तोंड पाडून बसल्या मॅडम? आमच्या इकडं म्हशीचं तूप असंच येते ना. सरकी खाऊ घालतात तिला. सरकीच्या पेंडीनं तुपाचे आकडे बिघडतात, पण त्यात तेल नसते पडलेलं."

मी खळदकरांना फोन लावला. "तुमच्या गवळ्यांच्या म्हशी काय खातात?"

"जे मी पाठवतो ते."

"काय पाठवता?"

"उन्हाळ्यापासून चारा मिळत नव्हता. सरकीची पेंड पाठवतोय. का हो, चूक झाली का माझी?"

चूक नव्हती, पण तेवढ्यावर ते सुटणारही नव्हते. पेंड खाल्ली म्हणून आकडे बिघडले की खरंच तेल मिसळलं, हे साधी चाचणी सांगू शकत नाही. आमचं मशीन सांगू शकतं. प्रत्येक वनस्पती तेलात एक खास घटक असतो. म्हशीने सरकी खाल्ली तरी तो तिच्या तुपात उतरत नाही. तेल मिसळलं तरच तुपात सापडतो. त्या घटकाचं शिखर आलं तर खळदकर संपले. नाही आलं तर वाचले. त्यासाठी वेगळी नळी बसवावी लागणार होती, जास्त तापमान सोसणारी.

ती मी स्वतः बसवली. नळी मशीनला जोडणाऱ्या नटाच्या आत एक मऊ कडं असतं, ते दाबून वायू अडवतं. पहिल्यांदा तापवलं की ते आकसतं. म्हणून एकदा तापवून, गार करून, नट पुन्हा थोडा आवळावा लागतो. हे तक्त्यात लिहिलेलं होतं, आणि ते वाक्य माझ्याच हातचं होतं. ओव्हन तापवला, गार केला, उघडला. डाव्या हातात पाना, उजव्या हातात पेन. तक्त्यात खूण केली आणि फोन वाजला. खळदकर होते.

"माझ्या नातीला वर्गात विचारलं मॅडम, तुझे आजोबा भेसळ करतात का म्हणून."  मी त्यांना पाच-सात मिनिटं धीर देत राहिले. फोन ठेवला, तक्त्याकडे पाहिलं, खूण होती. ओव्हनचं दार लावलं आणि मशीन सुरू केलं.

नट आवळलेला नव्हता.

अकरा मिनिटांनी भोंगा वाजला. दुकानदार खरं बोलला होता. प्राजक्ताच्या हातातून काचेची कुपी सुटून फुटली. शेलारसाहेब दारातून आत आले ते सगळ्यांना जिन्याकडे हाकलत. खालच्या दवाखान्यातला एक पेशंट तोंडात कापूस तसाच ठेवून रस्त्यावर उभा होता. आपटे त्याला विचारत होते, "दुखतंय का?"

स्फोट झाला नाही. काहीही झालं नाही. नळी नटातून निसटली, वायू ओव्हनमध्ये भरायला लागला. आमचं मशीन जुनं, ते स्वतःहून थांबणारं नव्हतं, आणि एवढ्या थोड्या गळतीने हायड्रोजनचं यंत्रही थांबलं नाही. पण शंभरात एक भाग होताच सेन्सरने वायू तोडला आणि ओव्हन बंद केला. धोक्याच्या पाव वाटेवरच सगळं थांबलं. खोली हवेशीर झाल्यावर शेलारसाहेबांनी ओव्हन उघडला. नळीचं टोक मोकळं लोंबत होतं.

त्यांनी तक्ता हातात घेतला. "नट पुन्हा आवळला, खूण आहे," ते म्हणाले. "म्हणजे सामान खराब."

त्या क्षणी मला गप्प बसता आलं असतं. नटावर खापर फुटलं असतं आणि कुणालाही कधी कळलं नसतं. माझी सगळी वर्षं, माझं नाव, सगळं त्या एका खुणेत होतं. मी म्हणाले, "सामान चांगलं आहे. खूण खोटी आहे. मी काम करायच्या आधी केली."

प्राजक्ता माझ्याकडे बघत राहिली. शेलारसाहेबांनी खुर्ची ओढली आणि बसले. त्यांनी तक्ता पुन्हा वरून खालपर्यंत वाचला. मला वाटलं, हायड्रोजन बंद. खळदकरही बंद.

"यंत्राची चूक असती तर आजच सगळं उखडून टाकलं असतं," ते शेवटी म्हणाले. "माणसाची चूक झाली आणि यंत्रणेने ती पकडली. ह्याच्यासाठीच तर बसवली होती. चालू राहील. एकच बदल. जो काम करील त्याने खूण करायची नाही. दुसऱ्याने स्वतः बघून करायची. आपल्यालासुद्धा हाच नियम, मॅडम."

"मला आधी," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळी पुन्हा बसवली. प्राजक्ता शेजारी उभी राहून प्रत्येक नटाला हात लावून बघत होती. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी माझं काम तपासत होती आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. वाटलं ते एवढंच की हा नियम मी स्वतः वीस वर्षांपूर्वी करायला हवा होता. तेवढी वर्षं माझं सगळं बरोबर आलं त्यात माझं कसब किती आणि नशीब किती, हे आता मोजता येत नाही.

मशीन सुरू झालं. तीन डबे, प्रत्येकाचे तीन नमुने. हेलियमवर दोन दिवस गेले असते. हायड्रोजनवर संध्याकाळी पाच वाजता नववा आलेख निघाला. आम्ही दोघी पडद्यासमोर उभ्या होतो. तुपाचं स्वतःचं शिखर आलं, उंच, सरळ. मग ज्या मिनिटाला तेलाचं शिखर यायला हवं ते मिनिट आलं. रेषा सपाट. एक मिनिट, दोन मिनिटं. सपाट. नऊच्या नऊ आलेखांत सपाट.

खात्रीसाठी मी मुद्दाम थोडं तेल मिसळलेलं तूपही चालवलं. त्यात ते शिखर लगेच डोकं वर काढून उभं राहिलं. मशीनचंही खरं ठरलं आणि तुपाचंही.

खळदकर अहवाल घ्यायला आले. मी त्यांना दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवून दाखवले. "हा भेसळीचा. हा तुमचा. इथे बघा, काही नाही." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि त्या सपाट रेषेवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग मला म्हणाले, "तुमचं मशीन बरोबर आहे." आणि तोंड फिरवून खिडकीकडे बघत राहिले. प्राजक्ताने त्यांना पाणी दिलं.

मिठाईवाल्याने अहवाल पाहून स्वतः दुकानात येऊन माफी मागितली. मोबाइलवर पहिला व्हिडिओ फिरला तसा दुसराही फिरला, त्यात तो मिठाईवाला खळदकरांच्या तुपाचा मोदक खात होता. त्याने परत पाठवलेले सगळे डबे गणपतीच्या आदल्या दिवशी संपले.

चतुर्थीच्या सकाळी मी आणि शेलारसाहेब नारायण पेठेत गेलो. दुकानासमोर रांग होती. खळदकरांनी आमच्याकडून नेलेला आलेख काचेच्या चौकटीत बसवून गल्ल्याच्या वर, देवाच्या फोटोशेजारी टांगला होता. त्याला झेंडूची माळही होती. रांगेतल्या एका बाईंनी मान वर करून त्या वरखाली रेषा बराच वेळ न्याहाळल्या. शेवटी त्यांना राहवेना.

"काका, हा ईसीजी कुणाचा हो? सगळं ठीक आहे ना?"

खळदकरांनी वजनकाट्यावरून नजरही उचलली नाही.

"तुपाचा आहे," ते म्हणाले. "नॉर्मल आलाय."